जुनेपणाचा रंग

आमच्या हिंजवडीच्या बिऱ्हाडी एक विजेची गिटार आहे. ती आमच्या दिवंगत कनिष्ठ बंधूंची. आयटी पार्कातील नोकरी सांभाळून ते रात्री ती छेडीत, आणि घरातील मंडळी नाके मुरडीत. त्या मंडळींत आम्हीही होतो.

गतवर्षी आमच्या पुतण्याने तिचे रंगकाम मनावर घेतले. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर प्रकाशाने व वयाने पिवळसर होते. तोच वर्ण साधावा म्हणून स्वच्छ लॅकरात मधाळ रंगाचे थोडे थेंब घालून पातळ हात द्यावयाचे. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. दमट हवेत तो पांढरट पडतो, म्हणून आम्ही मार्गशीर्षाची वाट पाहिली. पदार्थ ज्वालाग्राही; सबब काम गच्चीवर, समईपासून दूर.

घासकागद घेऊन बसलो तो जेथे बंधूंचा हात टेके, तेथे रंग झिजून लाकूड उघडे पडलेले दिसले. आम्ही थबकलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. तेथलाच एक तंबोरा आमच्या मातोश्रींचा. त्यांच्यामागे आम्हीच हौसेने त्यास लाखेचे नवे पॉलिश करविले. तो लखलखला खरा, परंतु भोपळ्यावरील त्यांच्या हाताची खूण कायमची बुजली.

"काका, एवढी जागा झाकून ठेवू या का?" पुतण्याने विचारले.

आम्ही मान हलविली. काही आठवड्यांनी लॅकर पुरते वाळले, तेव्हा आम्ही त्यास म्हणालो, "आता वाजव." हे शब्द बंधूंस मात्र आम्ही कधीच म्हटले नव्हते.