पाच न्यूटन मीटर

धुळ्याच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री लेकीची एअर रायफल पुसायला काढली. लाकडी स्टॉकमध्ये ॲक्शन, म्हणजे नळी बसवलेला धातूचा भाग, धरून ठेवणारे दोन स्क्रू हाताला जरा सैल लागले. ॲलन की घेतली आणि आपल्याकडे आवळतात तसे आवळले, म्हणजे पुढे फिरेना तोवर. सकाळच्या एसटीने जळगावहून एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोहोचलो.

सरावाचे पहिले छर्रे उजवीकडे वर बसले. साइट फिरवून तिने ते मध्यावर आणले, तरी घडी बसेना. एक 10.4, लगेच 9.1, पुन्हा 10.2. साठ शॉट संपवून ती बाहेर आली, रायफल केसमध्ये ठेवली आणि विचारलं, "बाबा, रात्री स्क्रूला हात लावला होता का?"

हो म्हणालो. ती काही बोलली नाही. परतीच्या गाडीत मला ते फार लागलं. वर्षभर पहाटे उठून सराव तिने केला होता आणि एका मिनिटात तिचा नेम मी बिघडवला होता.

दहा मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहाचा ठिपका असतो अवघा 0.5 मिलिमीटरचा. छर्राच 4.5 मिलिमीटरचा. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं ते 451.4 गुणांवर; या खेळात दशांशालाही किंमत आहे. दोन स्क्रूंपैकी एक जास्त ओढला गेला की धातूची ॲक्शन लाकडाच्या बैठकीवर केसभर वाकते, नळीवर ताण येतो. डोळ्यांना काही दिसत नाही, लक्ष्यावर दिसतं. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, लाकूड सुकतं. पावसाळ्यात तेच फुगतं. स्क्रू सैल होणारच होता. माझी चूक झाली ती अंदाजाने आवळण्यात. रायफलच्या पुस्तिकेत आकडा स्वच्छ छापलेला होता, 5 न्यूटन मीटर, आणि मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

मग ठरावीक जोरावरच स्क्रू आवळणारा टॉर्क ड्रायव्हर शोधायला लागलो. जळगावातल्या हत्यारांच्या दुकानांत मिळाले ते गाड्यांचे टॉर्क रेंच, 20 न्यूटन मीटरपासून पुढचे. एका दुकानदाराने 0 ते 25 चा काट्याचा रेंच पुढे केला. त्यावर 5 चा आकडा अगदी खालच्या टोकाला येतो. असल्या हत्याराच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात शक्यतो काम करू नये, कारण कॅलिब्रेशनच मुळात कमाल क्षमतेच्या 20 टक्क्यांपासून वर केलेलं असतं. आपल्याला लागणारा आकडा पट्टीच्या मधल्या भागात यावा, हे मी वहीत लिहून ठेवलं.

हे सगळं नीट समजावलं ते आप्पांनी. मूळचे धुळ्याचे, वरणगावच्या आयुध निर्माणीत गेज तपासण्यात नोकरी गेली. तिथे रायफलीची काडतुसं बनतात, शतांश मिलिमीटरचा हिशेब रोजचा. आता अवधान एमआयडीसीत ओळखीच्या टूलरूममध्ये जाऊन बसतात. त्यांनी टॉर्क टेस्टर टेबलावर ठेवला, वर ॲलन की बसवली आणि म्हणाले, "भाऊ, आते तू आवळ. पाच वाटनं की थांब. मी काटा देखस."

मी थांबलो तेव्हा काटा 8.2 वर होता. लेकीचा 3.4 वर. खुद्द आप्पांचा 5.9 वर. तीन हात, तीन आकडे, आणि तिघांनाही वाटत होतं की आपलं पाचच झालं. दुसऱ्या खेपेला माझा 6.7 भरला, म्हणजे माझा हात माझ्याशीसुद्धा जुळत नव्हता.

शेवटी ड्रायव्हर घेतला तो 10 ते 65 इंच-पौंडांचा. 5 न्यूटन मीटर म्हणजे 44 इंच-पौंड, पट्टीच्या मध्याच्या थोडा वर. मूठ टी आकाराची, कारण सरळ मुठीच्या ड्रायव्हरने 5 गाठताना मनगट वळतं आणि बिट तिरकं होतं. आणि मुख्य म्हणजे आतला क्लच सटकणारा. क्लिक करणारे ड्रायव्हर स्वस्तही मिळतात, पण क्लिक ऐकूनही हात थांबला नाही तर स्क्रू पुढे जातोच. हा ठरल्या जोरावर नुसता सुटतो, मूठ मोकळी फिरते. माझ्यासारख्या जोर लावायची सवय असलेल्या माणसाला हाच हवा.

सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागितलं. दुकानदार कुरकुरला, पण दिलं. इतक्या लहान टॉर्कच्या हत्याराला आंतरराष्ट्रीय मानकात 6 टक्के फरक चालतो, म्हणजे 5 च्या जागी 4.7 ते 5.3. तेवढ्याने आमचं काम भागतं.

आता पद्धत ठरली आहे. आधी ड्रायव्हर चारपाच वेळा मोकळा सोडवून घ्यायचा. स्क्रूचे आटे पुसून कोरडे करायचे, कारण लावलेल्या जोरातला मोठा हिस्सा घर्षणात जातो. तेलकट आट्यावर त्याच आकड्याला पकड कितीतरी जास्त बसते. गोल टोकाची ॲलन की वापरायची नाही, तिने खाच झिजते. पुढचा स्क्रू आधी अर्ध्या जोरावर, मग मागचा, मग दोन्ही पूर्ण. काम झालं की पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. हे शेवटचं काम लेक स्वतः करते, माझ्यावर सोडत नाही.

जळगाव-धुळ्यात कुणाची लेकरं रायफल चालवत असतील, तर ड्रायव्हर घ्यायच्या आधी त्यांच्या रायफलीची पुस्तिका उघडा आणि स्क्रूचा आकडा केसच्या झाकणात आतून लिहून ठेवा. आमच्या केसमध्ये तो पांढऱ्या पेनने लिहिला आहे.