डेक्कन लांब पडतं

"डेक्कन काय लांब आहे? मेट्रोत बसलं की पाऊण तासात कॉलेजच्या दारात!"

पिंपरीच्या नेहरूनगरातल्या घरात, शेजारच्या काकांसमोर हे वाक्य ऐकलं आणि प्रस्तुत लेखिकेला चहा कडू लागला. बोलत होते तिचे बाबा. नातीला, म्हणजे लेखिकेच्या भाचीला, अकरावी सायन्सला डेक्कनजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्याचं कौतुक चाललं होतं. याच बाबांनी 1994 च्या जूनमध्ये लेखिकेला अगदी तसाच मिळत असलेला प्रवेश नाकारायला लावला होता. कारण दिलं होतं, लांब पडतं.

मार्क होते, फी झेपणारी होती, यादीत नावही लागलं होतं. ते सगळं ठीकच. पण त्या संध्याकाळचा हिशेब तिला अजून पाठ आहे. बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर लिहायला घेतलं. पिंपरीहून मनपापर्यंत एक बस, मनपाला उतरून डेक्कनला दुसरी. तेव्हा पिंपरी-चिंचवडची बससेवा वेगळी होती आणि पुण्याची पीएमटी वेगळी. दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली ती 2007 मध्ये. प्रॅक्टिकल पाचला सुटणार. पहिली बस भरून आली तर थांबायची नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात सहा वाजता दिवे लागतात. आईने लोकलचं नाव काढून बघितलं, तर शिवाजीनगरला उतरून पुढे पुन्हा बस आहेच, म्हणून तेही खोडलं गेलं. शेवटी बाबांनी 'मनपाला अंधारात गाडी बदलणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेन खिशाला लावलं. ती घराजवळच्या कॉलेजात गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट विसरलीही असती. पण दोन वर्षांनी धाकट्या भावाला डेक्कनलाच प्रवेश मिळाला. बस त्याच, मनपा तेच, अंधारही तोच. या वेळी कॅलेंडरचं पान कुणी उलटं केलं नाही. "मुलगा आहे, येईल लटकत," एवढंच बाबा म्हणाले. भाऊ लटकत गेला, लटकत आला, आणि आज सुखात आहे.

तर आता मेट्रो. 6 मार्च 2022 ला पुण्यात ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन सुटे तुकडे होते: पिंपरी ते फुगेवाडी आणि वनाझ ते गरवारे कॉलेज. लोक पोराबाळांना घेऊन हौसेने चक्कर मारून यायचे. कॉलेजच्या मुलांना त्याचा उपयोग बेताचाच, कारण फुगेवाडीला उतरून करायचं काय? 1 ऑगस्ट 2023 ला दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला जोडले गेले आणि चित्र पालटलं. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मार्ग कसबा, मंडईवरून स्वारगेटला पोचला, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी भरलेल्या पेठांच्या दाराशी. सदाशिव पेठेत कॉट परवडत नसेल तर पिंपरीत खोली घेऊन अभ्यासिकेत यायचा विचार आता करता येतो. तिकीट 10 ते 35 रुपये, पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना 30 टक्के सवलत.

भाचीबरोबर लेखिका एकदा मुद्दाम गेली. संत तुकाराम नगरला चढल्या, सिव्हिल कोर्टला उतरल्या. हे स्टेशन जमिनीखाली 33 मीटर आहे. तिथून सरकत्या जिन्यांवर जिने चढत जायचं, ते थेट रस्त्याच्याही वर, वनाझच्या गाडीच्या फलाटावर. भाची डावीकडून धावत पुढे, मावशी उजवीकडे कठडा धरून उभी. मधल्या एका जिन्यावर लेखिकेच्या ध्यानात आलं, की बाबांनी दोन रेघा मारल्या होत्या ते गाडी बदलणं आजही सुटलेलं नाही! फरक एवढाच, की वर दिवे लखलखीत आहेत, पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते पाटीवर दिसतं, आणि ती भरलेली असली तरी थांबते. बाकी डेक्कनचं स्टेशन पगडीच्या आकाराचं वगैरे आहे ते फोटोवाल्यांसाठी.

म्हणून मेट्रोने वेळ किती वाचतो, याच्या चर्चेत लेखिकेला फारसा रस नाही. शहराच्या कडेला राहणाऱ्या मुलीला कोणत्या कॉलेजचा फॉर्म भरता येतो, हे बघावं. स्वारगेट-कात्रज मार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो झाला की धनकवडीच्या बाजूची कॉलेजं पिंपरीच्या मुलीच्या यादीत येतील. रामवाडी ते वाघोली विस्तार जून 2025 मध्ये मंजूर झाला, आणि वाघोलीत तर इंजिनिअरिंग कॉलेजांची रांगच आहे. मात्र मंजुरी निघाली त्या वर्षी अकरावीत गेलेली मुलगी रुळांच्या भरवशावर बसली तर तिची बारावी आधी होईल. तोवर संध्याकाळी उशिरापर्यंत बस वाढवा. पालकांनीही हिशेब लिहायला घेतला तर मुलगा आणि मुलगी, दोघांसाठी एकाच कागदावर लिहावा.

हे बाबांना ऐकवायचं तिने ठरवलं होतं. ऐकवलंही. "तेव्हा मेट्रो नव्हती गं," ते म्हणाले. "भावाच्या वेळीही नव्हती," ती म्हणाली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कधी वाटतं, त्या काळच्या बापाने घातलेला हिशेब काही अगदीच खोटा नव्हता. अंधार खरा होता, भरलेली बस खरी होती. मग भाऊ आठवतो आणि पुन्हा राग येतो.

भाचीला यातलं काहीच पटत नाही. स्टेशन हमरस्त्यावर, घर आत. शेअर रिक्षासाठी रोज ताटकळावं लागतं, म्हणून अठरा पूर्ण झाल्या झाल्या स्कूटर हवी, असं तिने आतापासूनच घरात जाहीर केलंय. आजोबा पैसे द्यायला तयार आहेत.