बारा व्होल्टचा हिशेब

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावर विजेचा खांब पोचलेला नाही. हापूसची कलमं लावली की पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळाभर त्यांना पाणी घालावंच लागतं. कातळ स्वतःपाशी काही ठेवत नाही. पाणी आहे ते सड्याखालच्या पऱ्याच्या डोहात. जीप जिथवर जाते, तिथून ते उभं मोजलं तर सहा मीटर खाली. जीपमध्ये 500 लिटरची टाकी बसवली आणि ती भरायचं काम जीपच्याच बॅटरीवर टाकायचं ठरवलं.

आधी डोक्यात होता तो घरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, मध्ये इन्व्हर्टर घालून. आमच्याकडच्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे 373 वॅट, पण ते मोटरीच्या शाफ्टवर. मोटर आत ओढणार त्याहून बरंच जास्त. 600 वॅट धरले तर 12 व्होल्टवर 50 अँपिअर, आणि चालू होतानाचा झटका त्याच्या कित्येक पट. "डायनामोला एवढं झेपायचं नाही. बॅटरी बसेल, सेल्फ उचलणार नाही, मग जीप पऱ्यापाशी आणि तुम्ही पायी."

म्हणून फवारणीच्या टाकीवर असतो तसा 12 व्होल्टचा डायफ्राम पंप घेतला. मिनिटाला 8 लिटर, जास्तीत जास्त 8 अँपिअर. तो जीपमध्येच बसला असता तर बरं होतं. पण असा पंप पाणी वर ढकलतो जोरात, खालून ओढतो मात्र जेमतेम दोन मीटर. सहा मीटरवरून त्याला पाणी येणार नव्हतं. पंप डोहाच्या काठी ठेवायचा, म्हणजे जीपपासून तिथपर्यंत बारा मीटर वायर आली. खरी गोम तिथे होती.

माझ्याकडे घरच्या वायरिंगची दीड एमएमची वायर पडून होती. काका म्हणाले, "आधी मीटर लावून बघा." जाऊन-येऊन 24 मीटर तांबं म्हणजे पाव ओहमहून थोडा जास्त रोध. 8 अँपिअरला त्यात दोन व्होल्टच्या वर नुसते वायरीत जातात. घरात 230 मधून दोन व्होल्ट गेले तर पंख्यालाही कळत नाही. इथे बारातले दोन गेले की सहावा हिस्सा गेला. मीटरनं तेच दाखवलं: जीपपाशी 13.8, पंपापाशी साडेअकराच्या आसपास. पंपाचा आवाजही मंदावला होता. मग सहा एमएमची जोडवायर आणली. ती पंपापेक्षा फार स्वस्त पडली नाही, पण घट अर्ध्या व्होल्टवर आली.

पुढचं काम सुरक्षिततेचं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज लांब असेल तर मधली वायर पेटते. खारट हवेत आमच्या गाड्या गंजतात, म्हणून अर्थिंगचा बोल्ट रंग खरवडून चकचकीत केला आणि वर ग्रीस लावलं.

रिले ही काकांची करामत. तीस नंबरच्या पिनेवर फ्यूजमधून बॅटरी, सत्त्याऐंशीवर पंप, पंच्याऐंशी अर्थला. शहाऐंशीवर मला इग्निशनची वायर द्यायची होती. काकांनी ती डायनामोवरच्या चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीला जोडली. "चावी फिरवली म्हणजे इंजिन चालू असं नसतं. डायनामो चार्ज करायला लागला की रिले ओढेल. इंजिन बंद, की पंप बंद." गाडीची बॅटरी सेल्फला क्षणभर दणकून करंट देण्यासाठी बनवलेली असते, तासन् तास झिरपत रिकामी होणं तिला मानवत नाही. ती 12.2 व्होल्टवर आली की निम्मी संपलेली असते, आणि हेडलाइट बघून ते कळत नाही.

आता टाकी भरायला दीड तासाच्या आत-बाहेर वेळ जातो. तेवढा वेळ इंजिन धडधडत ठेवून शंभर वॅट मिळवायचे, म्हणजे डिझेलच्या दृष्टीनं हा आतबट्ट्याचाच व्यवहार. कलमांच्या कोवळ्या वयापुरता तो चालेल. पंप 12 व्होल्टचा असल्यानं पुढे डोहाच्या काठी सोलर पॅनेल आणि वेगळी बॅटरी ठेवता येईल, आणि जीप मोकळी होईल. कुणी अशी जोडणी करणार असेल, तर मी पंपाची कंपनी सांगत बसत नाही. पाणी किती खाली आहे ते आधी विचारतो, कारण पंप कुठे बसणार, वायर किती लांब आणि किती जाड लागणार, हे सगळं त्या एका मापावर ठरतं.