बर्टनची बिअर, खडकीची भट्टी आणि रत्नागिरीचा माड

मिरकरवाड्याला बिअरचा कारखाना कधी नव्हता. तरीही इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या बिअरची कथा याच किनाऱ्यावरून सांगायला हवी. भारतात मद्याचे दोन इतिहास एकाच कायद्याखाली नांदले, आणि त्यांतला एकच इतिहास पुस्तकांत नीट नोंदला गेला.

आधी ते गाव. ट्रेंट नदीकाठच्या बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम विरघळलेले असे, आणि हॉप्सची कडवट चव त्या पाण्यात विशेष खुलत असे. लंडनच्या हॉजसनची फिकट बिअर तेव्हा भारतात गाजत होती. १८२२च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने तिच्याशी स्पर्धा सुरू केली. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजावर कित्येक महिने टिकणे, हाच या पेयाचा खरा गुण होता. हॉप्सचा उपयोग चवीपुरता नव्हता, ते बिअर नासू देत नसत.

१८५७नंतर भारतात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढली आणि एवढी बिअर समुद्रावरून आणणे महाग पडू लागले. हिमालयाच्या थंड हवेत एडवर्ड डायर याने कसौलीला भट्टी काढली होती. (जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. इतिहासाला अशा नात्यांची हौस असते.) पुढे एच. जी. मीकिन याने डायरच्या सिमला आणि कसौलीच्या भट्ट्या विकत घेतल्या आणि रानीखेत, डलहौसी, चकराता, दार्जिलिंग येथे नव्या जोडल्या. या यादीत एकच नाव मराठी मुलखातले आहे : खडकी.

खडकीच का? १८१७च्या लढाईत पेशवाईचा शेवट ज्या माळावर सुरू झाला, तिथेच पुढे छावणी वसली. गिऱ्हाईक दाराशी उभे होते. पण खडकीला ना हिमालयाची थंडी होती, ना बर्टनचे पाणी. हॉप्स तर परदेशातूनच यायचे. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, मग तिच्या पिठुळ द्रव्याची साखर करायची, ती आंबवायची आणि हे सारे थंड राखायचे, असा हा खटाटोप होता.

आता माड पाहा. न उमललेली पोय बांधून ठोकायची, तिचे टोक रोज थोडे तासायचे, खाली मडके टांगायचे. जो रस ठिबकतो त्यात साखर आयतीच असते. पहाटे उतरवली तर ती गोड नीरा. दुपारपर्यंत हवेतल्या किण्वामुळे ती आपोआप आंबते आणि तिची माडी होते. तिचा कैफ बिअरच्याच आसपासचा. दुसऱ्या दिवशी ती आंबट, पुढे शिरका. मात्र माडाला रस काढायला लावला की त्या पोयीला नारळ धरत नाही, म्हणून भंडाऱ्याला रस की फळ हा हिशेब मांडावाच लागे. खोडाला पाडलेल्या खाचांवर पाय रोवून दिवसातून दोनतीनदा चढायचे, हे त्याचे वंशपरंपरेचे काम. याच समाजातल्या मायनाक भंडाऱ्याने १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांशी झुंज दिली होती.

माडी टिकत नाही, म्हणून ती गोदामात साठत नाही आणि तिचा हिशेबही लागत नाही. सरकारला खरे खुपले ते हेच. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय माडाचा रस काढणे गुन्हा ठरवले आणि कर झाडावर बसवला. रसापासून दारू गाळण्याचा जुना व्यवहार भंडाऱ्याच्या हातून सुटला आणि मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. उरणच्या पारशी भट्ट्यांची भरभराट याच काळातली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमवण्यावरही बंधन आले. हे व्यसनमुक्तीसाठी आहे, असे सरकार म्हणत राहिले. अबकारी उत्पन्न मात्र वाढतच गेले. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात १८८९ मध्ये या धोरणाविरुद्धचा ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर झाला, तरी झाडावरचा कर हटला नाही. भंडाऱ्यांवर हा कायदा अन्यायकारक होता, हे आता स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. बिअर आणि माडी प्रथमच एका पंक्तीत बसल्या, पण सैन्याच्या कॅन्टीनना सवलत मिळाली. एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती वैध ठरवली. ज्या गिऱ्हाइकासाठी खडकीची भट्टी उभी राहिली होती, त्याचा पेला शाबूत राहिला.

डायर आणि मीकिन यांचा व्यवसाय पुढे एकत्र झाला, १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांच्याकडे आला आणि आजही मोहन मीकिन या नावाने चालतो. त्याचा इतिहास सहज सापडतो. मिरकरवाड्याहून दक्षिणेला, खाडीपलीकडे भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथे माड मोजले जातात ते नारळांसाठी.