एक हट्टी पुली

हट्ट हा केवळ सजीवांचाच गुण आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडण्याचा अथवा पावसाळ्यात फुगलेले दार लोटण्याचा प्रसंग ज्यावर एकदा तरी आला असेल, त्यास हे मत फारसे पटणार नाही. आमचा अनुभव याहून एक पायरी पुढचा आहे. गेल्या उन्हाळ्यात एका मोटारीच्या इंजिनावर बसलेल्या वीतभर व्यासाच्या चाकाने आमचा पुरता पराभव केला. तो पराभव सांगण्यात संकोच वाटावा असे आमचे वय आता राहिले नाही, म्हणून सांगतो.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहरानजीक आमचे चिरंजीव राहतात. आम्ही हयातभर महाविद्यालयात मराठी शिकविली. घड्याळास किल्ली देण्यापलीकडे आमचा यंत्रांशी संबंध आला नाही. चिरंजीव मात्र लहानपणापासून स्क्रू आणि पाने यांतच रमणारे. तेव्हा पितापुत्रांत बोलावयास विषय असा उरला नव्हता. हवामान, प्रकृती, विमानाची तिकिटे एवढ्यांवर आमचा संवाद वर्षानुवर्षे चालला होता, आणि तो उभयतांच्याही अंगवळणी पडला होता.

त्यांच्या गॅरेजमध्ये आठ सिलिंडरांची, सुपरचार्जर बसविलेली एक जुनी पण दांडगी मोटार आहे. तिच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूने तेल ठिबकू लागले होते. दोष क्षुल्लक, एका रबरी सीलाचा. परंतु ते सील क्रँकशाफ्टच्या पुलीमागे दडलेले असते, आणि पुली निघाल्याखेरीज त्याचे दर्शन होत नाही. शनिवारी सकाळी चिरंजीव गाडीखाली शिरले आणि बॅटरी धरण्याचे काम आमच्याकडे आले. कोणत्याही घरात ज्याला काही येत नाही त्याच्या वाट्यास हेच काम येते.

ही पुली काय वस्तू आहे, हे आम्हांस बॅटरी धरल्या धरल्या कळत गेले. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप. हवा जितकी अधिक, तितके इंधन अधिक जाळता येते आणि तितके बळ वाढते. या पंपाचा एक प्रसिद्ध प्रकार इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १८६० साली काढला, तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मासही आली नव्हती. हे बंधू आपल्या लोकरीच्या गिरणीसाठी पाणचक्की सुधारावयास निघाले होते. यंत्रातील लाकडी पाकळ्या पाण्याने फुगून घट्ट अडकल्या. त्या मोकळ्या करून यंत्र फिरवून पाहता त्यातून वाऱ्याचा जोरदार झोत निघाला, अशी कथा सांगतात. पुढे भट्ट्यांस वारा घालण्याच्या कामी तो पंप लागला, आणि कालांतराने मोटारींवर चढला. म्हणजे अडकून बसणे हे या घराण्यात मूळ पुरुषापासूनच चालत आलेले आहे.

या पंपास फिरविणारा पट्टा ज्या चाकावरून जातो, तीच ही पुली. मोठ्या इंजिनात पूर्ण वेगाच्या वेळी केवळ पंप फिरविण्यातच पन्नासाहून अधिक अश्वशक्ती खर्च होते, आणि तो सारा ताण पुलीस सोसावा लागतो. असे असूनही आमच्या त्या इंजिनात पुलीस ना खाच होती, ना पाचर. तिचे भोक क्रँकशाफ्टच्या टोकाहून किंचित लहान ठेवून ती बळाने दाबून बसविलेली असते, आणि वरून एक मोठा बोल्ट आवळलेला असतो. सारी मदार पकडीवर. ती पकड सहज सुटेल अशी असती, तर पुली केव्हाच शाफ्टवर घसरू लागली असती.

शिवाय ही पुली दिसावयास एक असली तरी घडणीने दुहेरी आहे. मध्ये गाभा, बाहेर जड कडे, आणि दोहोंमध्ये रबराचे वेटोळे. प्रत्येक सिलिंडरमधील स्फोटासरशी क्रँकशाफ्ट किंचित पिळतो आणि पुन्हा सुटतो. ही थरथर आवरली नाही तर पोलादाचा शाफ्टदेखील कालांतराने मोडतो. बाहेरचे कडे आणि रबर मिळून ती थरथर गिळून टाकतात.

शनिवारी बोल्ट निघाला. इंजिन फिरू नये म्हणून त्याचे दातेरी चाक अडवून, पान्यास हातभर नळी जोडून चिरंजीवांनी जोर केला, तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन बोल्ट सैल झाला. पुली मात्र तसूभर हलली नाही. तिच्या गाभ्यास मागून पकडणारा खास पुलर मागविलेला होता. तो मंगळवारी यावयाचा होता. "तोवर हिला हात लावायचा नाही, बाबा," असे बजावून चिरंजीव सोमवारी कामावर गेले.

हात लावू नको म्हटलेल्या वस्तूस हात न लावणारा बाप आम्ही अद्याप पाहिलेला नाही. गॅरेजच्या भिंतीवर तीन नख्यांचा एक साधा पुलर टांगलेला होता. आपण ही पुली काढून ठेवावी, आणि सायंकाळी मुलाने आश्चर्याने पाहावे, असा मोह आम्हांस पडला. पाना शोधण्यासाठी खण उघडला. आत चकचकीत हत्यारांची रांग होती, आणि एका कोपऱ्यात तांबेरलेला दहा-अकराचा एक देशी पाना पडलेला होता. त्या संपन्न खणात हा दरिद्री पाना कशास, असे क्षणभर मनात आले; पण आम्ही घाईत होतो. पुलरच्या नख्या हाताला सापडल्या तेथे, म्हणजे पुलीच्या बाहेरच्या कडेला अडकविल्या, आणि मधला स्क्रू पिळू लागलो. थोड्या वेळाने कडे हलले! आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. आणखी दोन पिळे दिले, तोच रबर फाटल्याचा आवाज झाला आणि कडे वाकडे होऊन पुढे आले. गाभा जेथल्या तेथे होता.

त्या दिवशी सायंकाळ होण्यास फार वेळ लागला. चिरंजीव आल्यावर आम्ही काही न बोलता त्यांस गॅरेजमध्ये नेले. त्यांनी वाकून पाहिले, बोट फिरवून रबर चाचपले, आणि आमची समजूत घालावी तशा स्वरात म्हटले, "बाबा, कडेला धरून ओढलं तर कडंच हातात येतं. गाभ्याला धरावं लागतं."

ते पुलीविषयीच बोलत होते, याबद्दल आम्हांस मुळीच शंका नाही. परंतु ऐकणारा अपराधी असला म्हणजे साधे वाक्यही त्यास दुहेरी ऐकू येते. ते बारावीत असताना गच्चीवर त्यांनी एक पेटी जमविली होती. जुन्या स्कूटरचे भाग, पाने, पक्कड, कोठून कोठून मिळविलेले बोल्ट. परीक्षेच्या आड येते म्हणून ती पेटी आम्ही एका दुपारी भंगारवाल्यास किलोच्या भावाने देऊन टाकली. मुलगा शाळेतून आला, रिकामा कोपरा पाहिला आणि जेवावयास बसला. त्या गोष्टीस वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिचा उच्चार त्यांनीही केला नाही आणि आम्हीही नाही. गुणपत्रिका, नातलगांत होणारे बोलणे, लोकांची मुले कोठे गेली, अशा बाहेरच्या कडांना धरूनच आम्ही त्यांस ओढीत आलो होतो.

"ती पेटी मी द्यावयास नको होती," आम्ही म्हणालो. हे वाक्य बाहेर पडण्यास त्या बोल्टाहून कमी जोर लागला नाही.

चिरंजीव थोडा वेळ पुलीकडेच पाहत राहिले. मग त्यांनी खण उघडून तो तांबेरलेला पाना काढला. "भंगारवाला ओळखीचा होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. एवढाच राहिला होता, त्यानं तसाच दिला." आणि पाना परत खणात ठेवून ते हात धुवावयास गेले. अधिक काही बोलणे झाले नाही. अधिकाची अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता.

मंगळवारी खास पुलर आला. त्याच्या नख्या गाभ्याच्या मागे बसविल्या, शाफ्टच्या आतील आट्यांस इजा होऊ नये म्हणून मध्ये एक पोलादी कांडी ठेवली, आणि स्क्रू सावकाश पिळला. आदल्या दिवशी आम्हांस न जुमानणारा गाभा कुरकुरत, एकेक सूत पुढे येत, अखेर हातात आला. सील बदलले. नवी पुली आली तीही हातोड्याने ठोकून बसविली नाही, कारण तो घाव आतल्या बेअरिंगांपर्यंत पोचतो. आट्यांच्या लांब दांड्याने ती हळूहळू आत घेतली. बोल्टही नवाच घातला, कारण असा बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. प्रथम ५० न्यूटन-मीटर, आणि मग कोन मोजून १४० अंश.

त्यांतील शेवटचे काही अंश चिरंजीवांनी आमच्या हातून आवळून घेतले, आणि तेवढा वेळ बॅटरी त्यांनी धरली. पुढे कधी ती पुली पुन्हा काढण्याची वेळ आली, तर ती असाच हट्ट करील. तिने तो करावा, हेच योग्य. आपण मात्र धरावयाचे ठिकाण चुकवू नये.