रुबाब नको, रबर हवं

साडी घेताना पोत चाचपून बघणारे आपण, गाडीची चाकं घेताना मात्र नुसती चकाकी बघतो. चाक जितकं मोठं, तितकी गाडी दणकट, असा एक समज घराघरांत आहे.

आमच्या धाकट्या भाऊजींनी 2021 ची जुनी थार घेतली आणि लगेच ठरवलं, तिची सोळा इंची चाकं काढून अठरा इंची ॲलॉयची बसवायची. म्हणाले, "वहिनी, गाडी कशी राजबिंडी दिसेल बघा!"

दिसेल हो! पण सासूबाई भोर तालुक्यातल्या गावी एकट्या राहतात. डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत तीन किलोमीटर दगडगोटे, ओढा आणि चिखल. पावसाळ्यात रात्री-अपरात्री त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर हीच गाडी आधाराची. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

टायरवरचे आकडे गूढ वाटतात, पण हिशेब सोपा आहे. 245/75 आर 16 म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 75 टक्के, म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर, आणि रिम 16 इंचांची. थारच्या महागड्या मॉडेलचं माप होतं 255/65 आर 18. त्यात भिंत भरते 166 मिलिमीटर. म्हणजे चाक एकूण दीड सेंटिमीटरनं उंच झालं, पण रबराची गादी 18 मिलिमीटरनं पातळ झाली! दगडावर आदळल्यावर रिम आणि दगड यांच्यात रबर चिमटतं, ते अशाच वेळी. शिवाय कच्च्या वाटेवर पकड वाढावी म्हणून टायरची हवा थोडी कमी करतात. त्यालाही उंच भिंतच लागते. डांबरी रस्ता आला, की हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो.

"मग याच रिमवर मोठा टायर घालू!" भाऊजी हटेनात. 265/75 आर 16 घातला, तर गाडी दीड सेंटिमीटर उचलली जाते खरी, पण चाकाचा घेर जवळजवळ 4 टक्के वाढतो. काट्याच्या त्याच साठवर गाडी आता सव्वादोन किलोमीटर जास्त वेगानं धावते. इंजिनला ओढ जास्त, पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची भीती, स्टेपनीही त्याच मापाची हवी. मूळ मापाबाहेर जायचं, तर परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारलेलं बरं.

अखेर रिम तशीच राहिली. पैसे गेले ते मूळ मापाच्याच, पण खोल नक्षीच्या ऑल-टेरेन टायरांवर आणि हवा भरायच्या छोट्या पंपावर. भाऊजी चार दिवस हिरमुसले होते.

तुमच्या घरी असा विषय निघाला, तर आधी वाट कोणती ते विचारा. राजस्थानच्या वाळूत रुंद टायर तरंगतो. पण चिखलाखाली कडक जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळ गाठतो. दुकानाच्या काचेत छान दिसणारं चाक आपल्या वाटेवर चालेलच असं नाही.