वाळवण

बँकेच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी तपासणीला पाठवलं नाही. तो मान शेवटी ताईनं दिला. भाच्यानं तिकीट पाठवलं आणि मी ऑक्टोबरात टोरांटोला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "फोनवर सगळं छानच सांगतो रे. खातो का, झोपतो का, तेवढं डोळ्यांनी बघून ये."

पहिल्याच रात्री कोट ठेवायला कपाट उघडलं आणि दोन पावलं मागं सरलो. आत दोरीवर हिरव्या फांद्या वटवाघळांसारख्या उलट्या टांगलेल्या. हा वास मी लहानपणी देवळामागं, बैराग्यांच्या धुनीपाशी घेतला होता. तपासनिसाला पहिल्याच दिवशी अफरातफर सापडावी, तसं माझं झालं.

"मामा, दार लावा! उजेड लागतो त्याला!"

"गांजा?" मी कुजबुजलो.

"कुजबुजताय कशाला? २०१८ पासून इथं कायदेशीर आहे. घरटी चार झाडं."

आपल्याकडच्या १९८५च्या कायद्यानं या झाडाची वाटणी केली आहे. नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर, फुलांचे शेंडे आत. एकाच आईची दोन लेकरं, एक सुटलं, एक अडकलं. इथं ते अडकणारं लेकरू माझ्या कोटाशेजारी राजरोस लटकत होतं.

मी म्हटलं, "अरे, उन्हात टाक. दोन दिवसांत कुरकुरीत!"

"मामा, या काय कुरडया आहेत?"

मग त्यानं माझी शिकवणी घेतली. ऊन लागलं की जोर जातो. घाईनं वाळवलं की ओल्या गवताची चव राहते. ओल राहिली की बुरशी धरते. म्हणून अंधार, विसाच्या आतबाहेर तापमान, थोडा वारा आणि आठ-दहा दिवसांचा धीर. काडी वाकायची सोडून कट्‌कन मोडली, की वाळलं समजायचं. मग काचेच्या बरणीत घालायचं, तीही पाऊणच भरायची. पहिले पंधरा दिवस रोज झाकण उघडून आतला दमटपणा जाऊ द्यायचा, पुन्हा लावायचं. पुढं महिनाभर मुरू द्यायचं.

मुरू द्यायचं! हा शब्द मी फक्त ताईच्या लोणच्याबाबत ऐकला होता. तीही रोज बरणी उघडून नाक खुपसायची. मुलगा आईच्याच वळणावर गेला होता, फक्त बरणीतला माल बदलला होता.

"पण दुकानात मिळत असेल ना? मग एवढा खटाटोप कशाला?"

तो बरण्या पुसत राहिला. मग म्हणाला, "मिळतं की. पण रात्री झोप लागत नाही, मामा. हे घेऊनही कधी लागते, कधी नाही. मात्र कामावरून घरी आलं की काहीतरी आपली वाट बघतंय असं वाटतं. रोज झाकण उघडावं लागतं ना."

हिशेबात एका पैशाचा फरक आला तर आम्ही रात्री दहापर्यंत बँकेत बसतो. हा फरक तीन वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. माझ्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "काय करतो रे घरी?"

"वाळवण घालतो. बरण्या भरतो."

"बाई गं! माझ्यावर गेला!"

"ताई," मी म्हटलं, "बरणी भरली की तू पंधरा दिवस रोज झाकण उघडायचीस ना? तसा याला रोज फोन कर. 'छान आहे' म्हणाला तरी लगेच ठेवू नकोस. आतली ओल जाऊ दे."

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "दे त्याला."

त्या दिवशी मायलेक पाऊण तास बोलत होते. मी आपला कान देऊन बसलो होतो. एवढ्यात आतून ओरडा आला, "मामा, बरणी कुणी उघडी ठेवली?"